आजीच्या विसा आणि मूळ संख्या

यंदा पहिल्या सत्रात गणिताच्या तासाला सरांनी आम्हांला एक साधे वाटणारे काम दिले. शंभराच्या आतल्या पंचवीस मूळ संख्या वहीत लिहायच्या आणि त्यांतल्या कोणत्या संख्या 'एका संख्येचा वर्ग अधिक दुसऱ्या संख्येच्या वर्गाची पाचपट' अशा मांडता येतात, ते शोधायचे. शून्य घ्यायचे नाही. म्हणजे उदाहरणार्थ २९ = ९ + २०. इथे ९ हा तीनचा वर्ग, आणि २० ही दोनच्या वर्गाची पाचपट. २९ जमली. पण १९ घेऊन पाहा. १९ मधून ५ वजा केले तर १४ उरतात, तो वर्ग नाही. आणि २० तर वजाच होत नाहीत. १९ जमत नाही.

अर्ध्या तासाच्या खटाटोपानंतर सगळ्या वर्गाचे उत्तर एकच आले. फक्त चार संख्या जमल्या:

२९ = ९ + ५ × ४
४१ = ३६ + ५ × १
६१ = १६ + ५ × ९
८९ = ९ + ५ × १६

सरांनी विचारले, "या चार संख्यांत सारखे काय आहे?" एकाने लगेच सांगितले, की शेवटचा अंक १ किंवा ९ आहे. सर म्हणाले, "मग ११, १९, ३१, ५९, ७१, ७९ यांनी काय घोडे मारले? त्यांचाही शेवट १ किंवा ९ च आहे." वर्ग गप्प बसला. मी त्या चार संख्या मनातल्या मनात म्हणत होते, आणि का कोण जाणे, घरच्या बोलीत म्हणत होते: एक वीस नि नऊ, दोन विसा नि एक, तीन विसा नि एक, चार विसा नि नऊ. मग न जमलेल्या म्हटल्या: अकरा, एकोणीस, एक वीस नि अकरा, दोन विसा नि एकोणीस, तीन विसा नि अकरा, तीन विसा नि एकोणीस. म्हणता म्हणताच उत्तर समोर आले. विसा काढून घेतल्यावर जमणाऱ्यांची बाकी १ किंवा ९ होती. न जमणाऱ्यांची ११ किंवा १९. मी हात वर केला. उभे राहून सांगताना माझी जीभ अडखळत होती, कारण 'विसा' हा शब्द मी कॉलेजात प्रथमच उच्चारत होते.

त्यामागे एक कारण आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचे गणित सांगता येणार नाही.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नाही. तिची सगळी मोजदाद विसांवर चालते. शेणी थापून वाळल्या की ती मोजायला बसते. वीस झाल्या की एक खडा बाजूला ठेवते. शेवटी खडे मोजते आणि सांगते, "तीन इसा नि अकरा." पाच खडे झाले की शेकडा झाला, पाच खडे काढून एक मोठा दगड ठेवायचा. अंडी, कणसे, माणसांचे वय, सगळ्याला तीच रीत. मी दहावीत असताना तिला घेऊन एका कचेरीत गेले होते. तिथे वय विचारले तेव्हा तिने तिच्या पद्धतीने सांगितले, "तीन इसा नि पंधरा." खिडकीतला माणूस मोठ्याने हसला आणि म्हणाला, "आजींना विसाच्या पुढं येत नाही वाटतं." रांगेतले लोकही हसले. आजीने पदर सारखा केला आणि ती गप्प राहिली. मी चटकन पुढे होऊन "पंच्याहत्तर" म्हणाले. आज लिहिताना सांगायला हवे, की मला तेव्हा त्या माणसाचा नव्हे, आजीचाच राग आला होता. घरी येताना मी तिच्याशी बोलले नाही.

तर सरांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि फळ्यावर लिहिले. हा लेख त्या तासाचा आणि त्यानंतर मी वहीत केलेल्या आकडेमोडीचा आहे. वाचकांनी शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचे यात फारसे काही नाही.

प्रथम मांडणी ठरवू. आपण नेहमी दहाच्या पायावर लिहितो: एकक, दशक, शतक. वीसच्या पायावर लिहायचे तर एककानंतर विसांचे घर येते, मग वीस विसांचे, म्हणजे चारशेचे. या पद्धतीत एका घरात ० पासून १९ पर्यंत काहीही बसू शकते. १० ते १९ साठी वेगळी चिन्हे आपल्याकडे नाहीत, म्हणून मी कंसात स्वल्पविराम देऊन लिहिते. ४१ म्हणजे (२, १). ७१ म्हणजे (३, ११). ४०० म्हणजे (१, ०, ०). कंसातल्या शेवटच्या आकड्याला मी 'शेवटचे घर' म्हणेन. आजीच्या भाषेत ते 'वरचे', म्हणजे खडे ठेवून झाल्यावर हातात उरलेले.

आता एक शंका येते, आणि ती मलाही आली होती. मूळ संख्या म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज जिला दुसऱ्या कशाने भाग जात नाही अशी संख्या. मग ती दहाच्या पायावर लिहिली काय आणि वीसच्या पायावर लिहिली काय, तिच्यात फरक पडतो का? मुळीच नाही. एकोणतीस शेणी घ्या आणि सारख्या रांगांत मांडून बघा. दोनदोनच्या, तीनतीनच्या, कशाच्याही रांगा करा, काहीतरी उरतेच किंवा कमी पडतेच. हे शेणींचे वागणे आहे, लिहिण्याचे नव्हे. मूळपणा हा संख्येचा स्वभाव आहे, तिच्या पोशाखाचा नव्हे.

पण सगळेच गुण असे नसतात. काही गुण पोशाखाचेच असतात. दोन एके शेजारी लिहिले की आपल्याकडे अकरा होतात आणि ती मूळ संख्या आहे. विसांत (१, १) म्हणजे एकवीस, आणि ती तीन साते आहे. उलट तीन एके आपल्याकडे १११, म्हणजे ३ × ३७; विसांत (१, १, १) म्हणजे ४०० + २० + १ = ४२१, आणि ती मूळ आहे. अपूर्णांकांचेही तसेच. एक सप्तमांश दशांशात लिहिला तर ०.१४२८५७ असा सहा अंकांचा फेरा सुरू होतो आणि पुन्हा पुन्हा येतो. तोच विसांत लिहिला तर फेऱ्यात दोनच घरे येतात, २ आणि १७. भागाकार करून पाहा: विसाला सातने भागले तर २ येतात, ६ उरतात, सहा विसा म्हणजे १२० ला सातने भागले तर १७ येतात आणि १ उरतो, म्हणजे परत मूळ जागी आलो. एक तेरांशाचे मात्र उलटे होते. दहात त्याचा फेरा सहा अंकांचा, विसांत बारा घरांचा. फेरा लांब की आखूड हे पाया ठरवतो, ७ किंवा १३ एकटे ठरवत नाहीत.

संख्येचा स्वतःचा गुण कोणता आणि लिहिण्यामुळे दिसणारा कोणता, हे वेगळे करायला शिकणे मला या सगळ्या आकडेमोडीतले सर्वांत अवघड वाटले.

विसांच्या मांडणीची एक मोठी सोय आहे. दहाच्या पद्धतीत ३ आणि ९ ची कसोटी सोपी असते, अंकांची बेरीज करायची. ७ ची कसोटी मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. विसांत ३ आणि ७ या दोघांची कसोटी एकदमच मिळते. ९१ घ्या. दिसायला ती अगदी मूळ संख्येसारखी दिसते, परीक्षेत कितीतरी मुले तिला फसतात. विसांत ती (४, ११). चार विसा आणि वर अकरा शेणी. आता असे करा, की प्रत्येक विशीत हातातली एकेक शेण घाला. चार विशांचे चार एकवीस झाले. एकवीसला तीननेही भाग जातो आणि सातनेही, तेव्हा ते ढीग विसरून जा. हातात ११ − ४ = ७ उरल्या. सातला सातने भाग जातो, म्हणून ९१ लाही जातो. सातला तीनने जात नाही, म्हणून ९१ लाही जात नाही. तसेच ५१ म्हणजे (२, ११); ११ − २ = ९; तीनने भाग जातो.

एकोणीसची कसोटी याहून सोपी. प्रत्येक विशीतून एक शेण काढून हातात घ्या, विशी एकोणीसची झाली. म्हणजे घरांतल्या आकड्यांची नुसती बेरीज करायची. १३३ म्हणजे (६, १३). बेरीज १९, म्हणून एकोणीसने भाग जातो. वजाबाकी ७, म्हणून सातनेही जातो. आणि खरेच, १३३ = ७ × १९. हे करून दाखवले तेव्हा माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने दोन पानभर संख्या तपासल्या. तिचा विषय मराठी वाङ्मय आहे.

आता मूळ संख्यांकडे येऊ. २ आणि ५ बाजूला ठेवले तर कोणत्याही मूळ संख्येचे शेवटचे घर सम असू शकत नाही आणि ५ किंवा १५ असू शकत नाही, कारण विसाला दोन आणि पाच दोघांनीही भाग जातो. म्हणजे शेवटच्या घरात येऊ शकतील असे आठच आकडे उरतात: १, ३, ७, ९, ११, १३, १७, १९. शंभराच्या आतल्या उरलेल्या तेवीस मूळ संख्या या आठ खोल्यांत अशा राहतात:

१ : ४१, ६१
३ : ३, २३, ४३, ८३
७ : ७, ४७, ६७
९ : २९, ८९
११ : ११, ३१, ७१
१३ : १३, ५३, ७३
१७ : १७, ३७, ९७
१९ : १९, ५९, ७९

यांपैकी कोणतीही खोली कधी भरून संपत नाही. प्रत्येकीत अनंत मूळ संख्या आहेत, हे डिरिख्ले या जर्मन गणितज्ञाने १८३७ साली सिद्ध केले. ती सिद्धता माझ्या आवाक्याबाहेरची आहे.

आता मूळ प्रश्न. १ आणि ९ या दोनच खोल्यांतल्या संख्या का जमतात? अर्धे उत्तर आपल्याला आत्ता, याच पानावर काढता येते. एखाद्या संख्येचा वर्ग केला तर विसांतले त्याचे शेवटचे घर काय असते, ते पाहा. १ चा १, २ चा ४, ३ चा ९, ४ चा १६, ५ चा २५ म्हणजे ५, ६ चा ३६ म्हणजे १६, ७ चा ४९ म्हणजे ९, ८ चा ६४ म्हणजे ४, ९ चा ८१ म्हणजे १, १० चा ०. पुढे हाच क्रम उलटा येतो. म्हणजे वर्गाचे शेवटचे घर ०, १, ४, ५, ९, १६ यांपैकीच एक. वीसपैकी फक्त सहा. आणि वर्गाची पाचपट केली तर? पाच चोक वीस, म्हणून सम संख्येच्या वर्गाची पाचपट ० वर संपते आणि विषम संख्येची ५ वर. दोनच शक्यता.

म्हणून 'वर्ग अधिक वर्गाची पाचपट' याचे शेवटचे घर म्हणजे त्या सहा आकड्यांत ० किंवा ५ मिळवून येणारा आकडा. ० मिळवला तर तेच सहा. ५ मिळवले तर ५, ६, ९, १०, १४, आणि १६ मध्ये ५ मिळवून २१, म्हणजे १. या सगळ्यांत आपल्या आठ खोल्यांपैकी कोणत्या सापडतात? १ आणि ९. बस्स. ३, ७, ११, १३, १७, १९ यांच्यापर्यंत आपण कधी पोचतच नाही. म्हणून १९ घेऊन कितीही डोके आपटले तरी ती जमणार नव्हती, आणि ७९ ही नाही, आणि एक लाखाच्या पुढची ११ वर संपणारी मूळ संख्याही नाही.

उरलेले अर्धे, म्हणजे १ किंवा ९ च्या खोलीतली प्रत्येक मूळ संख्या नक्की जमतेच, हे एवढे सोपे नाही. त्याला शंभराहून जास्त वर्षे लागली. फ्रान्समधील पियर द फर्मा हा पेशाने न्यायाधीश. त्याने १६५८ साली केनेल्म डिग्बी नावाच्या इंग्रज गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात याच जातीचे एक विधान केले आहे. त्याचा आशय असा: ज्यांचा शेवटचा अंक ३ किंवा ७ आहे आणि ज्या चारच्या पटीहून तीनने जास्त आहेत, अशा दोन मूळ संख्यांचा गुणाकार केला तर तो एक वर्ग आणि दुसऱ्या वर्गाची पाचपट यांच्या बेरजेइतका असतो. हे विधान मी प्रथम वाचले तेव्हा त्यातल्या दोन अटींनी गोंधळले. मग आठ खोल्यांचा तक्ता समोर ठेवला. दहाच्या पद्धतीत ३ किंवा ७ वर संपणाऱ्या म्हणजे ३, ७, १३, १७ या चार खोल्या. त्यांतून चारने भागून तीन उरणाऱ्या निवडल्या की राहतात ३ आणि ७. फर्माला दोन अटी घालून जे सांगावे लागले, ते आजीच्या मोजणीत 'वर तीन किंवा सात उरलेल्या' एवढ्यात सांगून होते. विधान तपासूनही पाहा: ३ × ७ = २१ = १ + २०; ३ × २३ = ६९ = ६४ + ५; ७ × २३ = १६१ = ८१ + ८०; ७ × ४७ = ३२९ = ३२४ + ५. प्रत्येक वेळी जमते.

१ आणि ९ च्या खोल्यांबद्दलचा नियम ऑयलरने अठराव्या शतकात आकडेमोडीवरून ओळखला, आणि त्याची पक्की सिद्धता लाग्रांज याने १७७३ ते १७७५ च्या सुमारास दिली. ऑयलरने आणखी एक गोष्ट हेरली होती: ३ आणि ७ च्या खोलीतली मूळ संख्या स्वतः जमत नाही, पण तिची दुप्पट जमते. सात जमत नाही, चौदा = ९ + ५ जमते. त्रेचाळीस जमत नाही, शहाऐंशी = ८१ + ५ जमते. उरलेल्या चार खोल्यांना, ११, १३, १७ आणि १९ ला, तीही सवलत नाही.

त्यांतल्या दोघींना दुसरीकडे मात्र जागा मिळते. शेवटचे घर १, ९, १३ किंवा १७ असेल तर ती मूळ संख्या दोन साध्या वर्गांची बेरीज असते: १३ = ९ + ४, १७ = १६ + १, २९ = २५ + ४, ४१ = २५ + १६. दहाच्या पद्धतीत १३ आणि २३ दोघींचा शेवट ३, पण १३ ही दोन वर्गांची बेरीज आहे आणि २३ नाही. विसांत त्यांची घरेच वेगळी आहेत.

गंमत अशी, की फर्माच्या स्वतःच्या भाषेत विसा होत्याच. फ्रेंचमध्ये ऐंशीला 'चार विसा' म्हणतात. ८९ म्हणजे 'चार-वीस-नऊ'. ७१ म्हणजे 'साठ नि अकरा', आणि ९७ म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. साठाच्या पुढे शंभरापर्यंत फ्रेंच माणूस मोजतो तेव्हा विसांची बाकी आपोआप त्याच्या तोंडून निघते. त्याला कुणी कचेरीत हसत असेल असे वाटत नाही. डॅनिश भाषेतही विसांची नावे आहेत, आणि मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी तर ठिपका, आडवी रेघ आणि शून्यासाठी शिंपल्यासारखे चिन्ह वापरून विसांच्या घरांची खरी मांडणी केली होती. कालगणनेत मात्र तिसरे घर वीस विसांऐवजी अठरा विसांचे, म्हणजे ३६० चे ठेवले, वर्षाच्या दिवसांच्या जवळ जाणारे.

मला सर्वांत आवडलेली हकीकत अलास्कातली आहे. तिथल्या इन्युपियाक लोकांच्या भाषेत मोजणी विसांची, पण शाळेत शिकवले जाणारे अंक दहाचे. १९९४ साली काक्टोविक नावाच्या गावातल्या शाळकरी मुलांनी वर्गात बसून आपल्या मोजणीसाठी नवीन वीस चिन्हे तयार केली. ती चिन्हे पुढे संगणकाच्या जागतिक लिपिसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, २०२२ साली घेतली गेली. ती मुले आमच्याहून लहान होती.

इथे मला स्वतःलाच थोडा लगाम घालायला हवा. हे सारे वाचून कुणी म्हणेल, की आजीच्या मोजणीत फर्माचे गणित दडले होते. तसे नाही. आजीच्या मोजणीत शून्य नाही आणि घरे नाहीत. शंभर झाले की तिचा शेकडा सुरू होतो आणि ती 'शंभर नि दोन इसा' म्हणते. शंभर म्हणजे पाच पुऱ्या विसा असल्याने बाकीत फरक पडत नाही, एवढेच. मूळ संख्या म्हणजे काय हे तिने कधी मोजून पाहिलेले नाही. सारखी वाटणी न होणारा आकडा आला तर 'वाटणी होत न्हाई' म्हणून ती एक शेण बाजूला काढते आणि पुढे जाते. शिवाय दहाच्या पद्धतीतही हा नियम लपून राहत नाही. एककात १ किंवा ९ हवा आणि दशकाचा अंक सम हवा, एवढे म्हटले की काम झाले. २९, ४१, ६१, ८९ : दशक २, ४, ६, ८. वर्गात हे कुणालाच दिसले नाही, मलाही नाही. मला ते विसांमुळे दिसले, आणि मग दहातही दिसू लागले. पद्धतीने नवा नियम निर्माण केला नाही. जो होता त्याच्यावर तिरका उजेड पाडला.

दुसरा लगाम असा, की हा नियम मूळ संख्यांचा आहे. संयुक्त संख्येला तो लावाल तर फसाल. २२१ म्हणजे (११, १), अकरा विसा नि एक. शेवटचे घर १. पण २२१ मधून ५, २०, ४५, ८०, १२५, १८० असे एकेक वजा करा. २१६, २०१, १७६, १४१, ९६, ४१ उरतात आणि यांत एकही वर्ग नाही. कारण २२१ ही १३ × १७ आहे. न जमणाऱ्या दोन खोल्यांतल्या दोघी एकत्र आल्या आणि १ च्या खोलीत शिरल्या. सरांना हे दाखवले तेव्हा ते म्हणाले, की ३ आणि ७ च्या खोलीतल्या दोघींचा गुणाकार जमतो, एकीकडे १३ आणि १७ चा जमत नाही, या फरकाच्या पोटात एकोणिसाव्या शतकातले बरेच गणित आहे. २१ ही संख्या उणे पाचचे वर्गमूळ घेऊन दोन निरनिराळ्या प्रकारे फोडता येते, आणि संख्या एकाच प्रकारे फुटतात हा आपला विश्वास तिथे डळमळतो. ते पुस्तक ग्रंथालयात इंग्रजीत आहे. मी दहा पानांपर्यंत पोचले आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आजी ओसरीवर बसली होती. मी तिला म्हटले, "आजी, तुझ्या मोजणीचं आमच्या कॉलेजात फळ्यावर लिहिलं."

"माज्या?" तिला खरे वाटले नाही. "काय लिवलं?"

"दोन इसा नि एक."

"म्हंजे एकेचाळीस," ती म्हणाली. तिला दोन्ही येत होते. कधीपासून येत होते, हे मी कधी विचारलेच नव्हते.

मग आम्ही दोघींनी मिळून एक संख्या घेतली. वर सांगितलेली (१, १, १) : वीस विसा, एक वीस आणि एक. चारशे एकवीस. शेवटचे घर १, आणि ती मूळ आहे हे मी आधी तपासले होते, तेव्हा ती जमायलाच हवी. मी एकेका वर्गाची पाचपट वजा करत गेले आणि काय उरते ते मोठ्याने वाचत गेले: ४१६, ४०१, ३७६, ३४१, २९६, २४१, १७६, १०१. वर्ग काही येईना. आजी खडे सरकवत म्हणाली, "चुकलीस कुठंतरी." नवव्या वेळी नऊच्या वर्गाची पाचपट, ४०५, वजा केली. सोळा उरले.

"चार चोक," आजी म्हणाली.